ठेवायचा राहिलेला रोडगा

१

"पोरगी गुणाची हाये व, पण घरात हाये असं वाटतच नाही. भिंतीवर कॅलेंडर टांगलं तरी महिना पलटवताना आवाज येते."

सासूबाई हे फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, आणि मी पडद्यापलीकडे मोरीत भांडी विसळत होते. आवाज न करता विसळायची माझी सवय आहे, त्यामुळे मी तिथे आहे हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. म्हणजे तक्रार रास्त होती.

लग्न दिवाळीनंतर झालं, आणि आता संक्रांत होऊन गेली होती. तेवढ्या काळात चिखलीच्या या घरात मी जे काही बोलले ते म्हणजे 'हो', 'नको' आणि 'वाढू का'. नवऱ्याशी, म्हणजे हर्षलशी, माझं बरंचसं बोलणं मोबाईलवरच्या अंगठ्यावर चालायचं. तो बी-बियाण्यांच्या दुकानातून विचारायचा, जेवलीस का. मी अंगठा पाठवायची.

मला बोलायला येत नाही असं नाही. वाक्य मनात तयार होतं, मी ते खालीवर करून बघते, मीठ बरोबर आहे का ते चाखते, आणि तोवर सगळ्यांचा विषय सोयाबीनवरून ट्रॅक्टरच्या टायरवर गेलेला असतो. मग ते वाक्य मी स्वतःच खाऊन टाकते. माझ्या आत अशी बरीच वाक्यं पडून आहेत. काही तर चांगली चटकदार आहेत.

"रविवारी मायच्या ठान्यावर नेतो तिले," सासूबाई पुढे म्हणाल्या. "तिथं नाव घेतलं का पोरगी मोकळी होते म्हन्तात. तरी नाही बोलली, तं देतो सुलतानपूरले धाडून. जीभ सापडली का ये म्हनाव."

त्या हसल्या, पलीकडून बहीणही हसली असावी. मी हातातली थाळी पुन्हा विसळली. सुलतानपूर माझं माहेर. तिथे जायला मला आवडतं, पण असं परत केल्यासारखं नाही.

२

मायचं ठाणं, म्हणजे देवीची जागा, बुलढाणा शहर ओलांडून घाट उतरला की लागणाऱ्या जुन्या जंगलात आहे. गाडी पायथ्याच्या मोकळ्या जागेत लावायची, आणि पुढे दुपारपर्यंत चालायचं. गाडी पंजाबराव काकांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाची. वाट मलेच माहीत हाये, असं ते घरून निघताना म्हणाले, घाटात म्हणाले, आणि पायथ्याला एका गुराख्याला वाट विचारून झाल्यावर पुन्हा म्हणाले.

मला रीत गाडीतच सांगितली. नवरीने सगळ्यांच्या मागून चालायचं. ठाण्यावर पोचून ती नवऱ्याचं नाव घेईपर्यंत कुणी मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही. ठाण्यावरही सगळे पाठ करून बसतात, आणि नाव ऐकल्यावरच तोंड फिरवतात. तोवर नवरीला उपास. मी सासूबाईंकडे नुसतं बघितलं, तर त्या म्हणाल्या, "काऊन ते इचारू नको. मी बी नव्हतं इचारलं."

हर्षलला हे सगळं जरा जुनाट वाटत होतं, पण जुनाट आहे असं आईला सांगणं त्याला त्याहून अवघड होतं. उतरताना त्याने माझ्या हाताला हात लावला आणि मान समोर ठेवली. माझ्या अंगावर लग्नातली मोहरी रंगाची, हिरव्या काठाची साडी होती, डोक्यावर पदर होता आणि पायात त्याने घेऊन दिलेले बूट होते. एकूण मी कुठल्यातरी सरकारी योजनेच्या जाहिरातीतल्या बाईसारखी दिसत असणार.

पुढे काका काठी घेऊन, मग सासरे शेषराव, मग सासूबाई, मग पाण्याचा कॅन घेतलेला हर्षल. मग मी.

३

हिवाळा सरताना सागाचं जंगल म्हणजे पापडाचं दुकान. सुपाएवढी वाळलेली पानं घोटाघोटाला लागतात. त्यांच्यावरून मांजरही चोरून जाऊ शकणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चालण्याचा आवाज होत होता. चर्र, चर्र. मला बरं वाटलं. म्हटलं, ऐका, महिना पलटतोय.

हर्षलचा मेसेज आला, 'मागे आहेस ना?' मी अंगठा पाठवला. तो गेलाच नाही. घड्याळाची खूण फिरत राहिली आणि वरच्या नेटवर्कच्या दांड्या एकेक करत विझल्या.

पहिल्या वळणाशी ते चौघे दिसेनासे झाले. साडीत मी हळू चालत होते, आणि कुणी मागे बघणार नव्हतं त्यामुळे कुणी थांबणारही नव्हतं. आवाज मात्र येत होते. काका काठीने झाडं दाखवत होते. हा धावडा. तो बी धावडा. थोडं पुढे गेल्यावर, हे पाहा, धावडा.

माझ्या मनात एक वाक्य आलं. काकांना या जंगलातलं एकच झाड माहीत आहे, पण ते त्यांना जागोजागी भेटतं. बरं होतं वाक्य. मी ते फिरवून बघत होते, मीठ चाखत होते, तेवढ्यात वळणापलीकडून बाईचा आवाज आला.

"काकाले या जंगलातलं एकच झाड माहीत हाये, पन ते त्याइले जागोजागी भेटते."

मग हशा. सगळ्यात मोठ्याने काकाच हसले. त्यावर सासूबाईंचा आवाज, अगदी भरून आलेला, "पाह्य व माय. बोलली."

मी उभी राहिले. स्वतःचा आवाज मी फारसा ऐकलेला नाही, पण लग्नाच्या व्हिडिओत ऐकलाय. हा तोच होता. फक्त मी 'मले' न म्हणता 'मला' म्हणते, त्यावरून मला घरात चिडवतात, आणि हा आवाज अगदी चिखलीच्या बाजारात वाढल्यासारखा बोलत होता.

मी तोंड उघडलं. ते मी नाही बोलले, असं ओरडून सांगायचं होतं. पण पुढे चार माणसं हसत होती, आणि त्या घरात माझ्यामुळे कुणी हसण्याची ही पहिलीच वेळ होती. मी तोंड मिटलं.

४

मी रसायनशास्त्रात बीएस्सी आहे, त्यामुळे मनाला लगेच कारणं सुचायला लागली. पहिलं कारण घाटाच्या कड्याचं, म्हणजे प्रतिध्वनीचं. ते बाद झालं, कारण प्रतिध्वनी यायला आधी कुणीतरी काहीतरी बोलावं लागतं. दुसरं उपाशी पोटाचं. ते बरंच पटलं. तिसरं असं की हर्षल माझी नक्कल करत असेल. पण हर्षल फोनवर स्वतःसारखाही बोलत नाही, तो माझ्यासारखा काय बोलणार?

पुढे रोडग्यांचा विषय निघाला. गव्हाच्या जाड पिठाचे थरावर थर देऊन केलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले की रोडगे होतात, आणि ते करण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही असं सासूबाईंचं म्हणणं आहे. हात कुणी धरतही नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी केलेले रोडगे बघून माझ्या मनात आलं होतं की यातला एक कुणाच्या डोक्यात घातला, तर पोलीस पंचनाम्यात हत्यार म्हणून लिहितील. हे वाक्य मी खाल्लं होतं, आणि रोडग्यापेक्षा ते लवकर पचलं होतं.

"आईचा रोडगा डोक्यात बसला," पुढून तोच आवाज म्हणाला, "तं पोलीस पंचनाम्यात हत्यार म्हनून लिहितीन."

आता मार बसणार, असं मला वाटलं. पण सासूबाई खो-खो हसल्या. सासरे, जे घरात फक्त बातम्यांशी बोलतात, म्हणाले, "तीस वर्सांत हे बोलाची माही हिंमत नाही झाली."

मला राग आला, हे सांगायला हवं. भीती नंतर वाटली. आधी राग आला, कारण ते माझं वाक्य होतं.

मी पाय उचलले. माझी पानं वाजत होती, आणि पुढे त्या चौघांचीही वाजत होती. काकांची काठी, सासऱ्यांची फरफट, सासूबाईंची घाई, हर्षलचे जड बूट, सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं. आवाज येत होता तो त्यांच्या आणि माझ्या मधून. तिथलं एकही पान वाजत नव्हतं.

मी थांबले. ते चौघे चालत राहिले. आणि मधून, सावकाश, लाडात येऊन, तो आवाज म्हणाला, "आई, तुम्ही मावशीसंग फोनवर बोलता ना, तवा मोरीकडं तोंड करून बोलत जा. आतल्या मानसाले अर्धंच ऐकू येते."

पुढची चर्रचर्र थांबली. मग सासूबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना दगडावर बसावं लागलं असावं. हर्षलला त्या सांगत होत्या की लबाड हाये रे पोरगी, सारं ऐकत होती.

हे वाक्य माझं नव्हतं. मी शपथेवर सांगते, मी असं काही मनात आणलेलं नव्हतं. मी तिथे साडीचा काठ धरून उभी होते. आणि थोड्या वेळाने ते माझ्या मनात आलं. तेच वाक्य, तसंच, मीठबिठ लावून तयार, जणू मीच आत्ता केलंय.

५

मी ठाण्यावर पोचले तेव्हा त्यांची तोंडं माझ्याकडे होती.

अंजनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक बसका दगड, आणि त्याच्यासमोर चटई. पाठ करून बसायला हवे होते ते चौघे माझ्याकडे बघत जेवत होते. वांग्याच्या भाजीचा डबा उघडा होता. हर्षलने माझ्यासाठी बाजूला जागा ठेवली होती.

"ये, ये," सासूबाई म्हणाल्या. "लाजून झाडामांगं पळाली ते संध्याकाळलोक येत नाही वाटलं." त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. असा हात त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता. भाजीच्या तेलाने गाल चिकट झाला तरी मी तो पुसला नाही. "किती सुंदर नाव घेतलं व."

मी आठवडाभर एक उखाणा पाठ केला होता. त्यात चांदीचं ताट होतं आणि बाकी काही नव्हतं. सासऱ्यांनी जो म्हणून दाखवला, त्यात ताट नव्हतं.

"सागाच्या बनात पडला पानांचा सडा,
हर्षलरावांच्या घरी जाते, आता वाट सोडा."

सासरे म्हणाले, फस्कलास. आपल्याकडे दारात नवरीला अडवतात ना, तसं जंगलालाच म्हणाली, वाट सोडा. आम्ही लगेच वळून पाहिलं तर तू गायब.

पाठ करून बसलेल्या माणसांच्या मागे वाट होती. त्या वाटेवर जंगल होतंच. पण माणूस म्हणाल तर एकच होतं, साडी सांभाळत येणारं, म्हणजे मी.

"आता काऊन मुकी झाली?" काकांनी विचारलं. "इतका वेळ तं माही हजामत करून राह्यली होती."

मी वाक्य तयार केलं. ती मी नव्हते. ते फिरवून बघितलं. हे बोलले तर दोनच गोष्टी होणार होत्या. एक तर मला वेड लागलंय असं ठरणार, नाहीतर मी पुन्हा कॅलेंडर होणार, आणि दोन्हीकडून एसटी सुलतानपूरलाच जात होती. शिवाय हर्षल माझ्याकडे असा बघत होता, जसा तो लग्नाच्या फोटोतही बघत नाहीये. मी रोडगा फोडला. चटईशेजारच्या दगडावर आपटून फोडावा लागला. कुणी हसलं नाही, कारण मी काही बोलले नव्हते.

६

रीत अजून अर्धी बाकी होती. निघताना नवरीने एकटीने एक रोडगा मायपुढे ठेवायचा आणि गाडीपर्यंत मागे वळून बघायचं नाही. "तू ठेवून ये," सासूबाई म्हणाल्या, "आमी हळूहळू निघतो."

ऊन पिवळं होतं, दुपार चांगली स्वच्छ होती, कुठे तरी सुतार पक्षी झाड ठोकत होता. भ्यावं असं काहीही नव्हतं. मी रोडगा घेऊन दगडापुढे वाकले. तेवढ्यात वाटेवरून सासूबाईंचा आवाज आला. "आली का? चाल माय."

"आली," माझा आवाज म्हणाला.

रोडगा माझ्या हातातच राहिला. मी पळत सुटले. पानं अशी वाजत होती जणू कुणी पापडाचं पोतं ओढतंय. पण पुढे ते गप्पांत रंगले होते. मध्येच मला हर्षलचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं होतं तो हसतो तेव्हा फक्त खांदे हलतात. त्याला आवाजही आहे तर.

"मंग तू आधी काऊन नाही बोलली?" तो विचारत होता.

"इचार करत होती," आवाज म्हणाला.

वळणावर मला ते दिसले. पुढे काका आणि सासरे. मागे हर्षल, कॅन रिकामा म्हणून हलवत चाललेला. त्याच्या शेजारी सासूबाई, आणि त्यांचा हात एका खांद्यावर. खांद्यावर मोहरी रंगाची साडी होती. डोक्यावर पदर होता. हिरवा काठ पानांवरून जात होता आणि पानं जागची हलत नव्हती, जणू साडी खालून शिवून बंद केलेली होती. पदराच्या आतून सासूबाईंच्या कानाशी काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि त्या मान डोलावत होत्या.

मग पदर थोडासा मागे वळला, मी येतेय का हे बघितल्यासारखा. मी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा वळण रिकामं होतं.

७

मी पायथ्याला पोचले तेव्हा गाडी सुरू झाली होती. काका ती दगडांतून वळवून घेत होते. मधल्या सीटवर सकाळी मी बसले होते, इकडे खिडकीशी सासूबाई, तिकडे हर्षल, मध्ये मी. मागच्या काचेतून सासूबाईंचा अंबाडा दिसत होता आणि हर्षलची मान. त्या दोघांच्या मध्ये पदर दिसत होता.

थांबा, मी मागं राहिले, असं माझ्या मनात आलं.

"थांबा, मी मांगं राह्यली," गाडीच्या उघड्या खिडकीतून आलं, अगदी नाटकातल्यासारखं. आत हशा पिकला. काकांनी विचारलं, "आता काय राह्यलं, चप्पल का जीव?" आणि गिअर टाकला.

ती मी नाही.

"ती मी नाही हो," आतून आलं. हर्षलची मान हसून हसून हलत होती.

तेव्हा मला कळलं. मी जे मनात धरणार ते आधी तिथे पोचणार. मी चांगलं वाक्य करायला घेतलं तर ते चांगलं होऊन तिच्या तोंडून निघेल, आणि ती घरी जाईल. सासूबाईंच्या मोरीत भांडी विसळेल, दणदण आवाज करत. रोज बोलेल. सगळे खूश असतील. कुणाला कधी कळणारही नाही की माझी जागा रिकामी झाली, कारण ती भरल्यासारखीही कधी वाटली नव्हती.

म्हणजे न विचार करता बोलायला हवं होतं. हे मला कधी जमलेलं नाही. दहावीच्या तोंडी परीक्षेतही स्वतःचं नाव सांगायच्या आधी मी थांबले होते.

गाडी धूळ उडवत निघाली. हाताने मला विचारलं नाही. तो उचलला गेला आणि त्यातला रोडगा सुटला.

काच फुटली नाही. तडकली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पंचनाम्याचं खोटं नव्हतं. गाडी थांबली, इंजिन बंद पडलं, आणि काका, सासरे, हर्षल, सासूबाई, चौघांनीही ठाण्यावरून निघाल्यापासून पहिल्यांदा मागे वळून बघितलं. मी धुळीत उभी होते. पदर खांद्यावरून घसरला होता, बुटात पानांचा चुरा होता, आणि मला धाप लागली होती. धापेचा आवाज माझ्यापर्यंतसुद्धा येत होता.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून शेजारी बघितलं. तडकलेल्या काचेतून मला त्यांचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसत होता. त्यांचा हात अजून सीटवर होता, दुसऱ्याच्या हातावर ठेवावा तसा, आणि त्याची बोटं एकेक करून मिटत गेली. हर्षल खिडकीकडे सरकला. जितकं सरकता येईल तितकं सरकला, तरी मधली जागा मोठी झाली नाही.

आतून आता काही आलं नाही. सगळे माझी वाट बघत होते, गाडीतले सगळे. मनात काहीच नव्हतं, एक अक्षर नाही. मीठ चाखायला काही शिल्लकच नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि जे निघालं ते मीसुद्धा त्यांच्यासोबतच पहिल्यांदा ऐकलं.

"हर्षल, उतरव बे तिले. ती जागा माही हाये."